लांब पल्ल्याची विमानं: एअरबस की बोइंग, हे कंपनी नेमकं कशावर ठरवते?

वारा_उत्तरेचा

समजा एका विमान कंपनीकडे ए३३०-३०० जातीची १२ विमानं आहेत आणि ती आता बदलायला आली आहेत. मार्ग ७ तासांपासून १४ तासांपर्यंतचे. पर्याय चार दिसतात: ए३३०-९००, ए३५०-९००, ७८७-९ आणि ७८७-१०. माहितीपत्रकं वाचून काहीच हाती लागत नाही. आपलं विमान जुन्या पिढीपेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी इंधन जाळतं, असं दोन्ही निर्माते सांगतात.

मला पडलेले प्रश्न असे. इंधनाचे आकडे इतके जवळ असतील तर पारडं कशाने झुकतं? डेल्टाने २०१४ मध्ये २५ ए३५०-९०० आणि २५ ए३३०-९०० मागवली. अमेरिकन एअरलाइन्सने २०१८ मध्ये २२ ए३५० ची मागणी रद्द करून ४७ ७८७ मागवली. दोन्ही कंपन्या एकाच देशातल्या, मार्गही बरेचसे सारखे. मग निर्णय असे उलटे का? आणि इंजिनाचा यात किती वाटा असतो?

"ज्याने जास्त सूट दिली त्याचं घेतलं" हे उत्तर अनेकदा ऐकलं आहे. त्यापलीकडचं कुणी सांगितलं तर हवं आहे.

पेलोड_शीट

"तासाला किती इंधन" हा प्रश्न अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा: अमुक मार्गावर, अमुक महिन्यात, किती वजन उचलून नेता येईल आणि त्यासाठी किती टन जाळावे लागतील?

७८७-९ आणि ए३५०-९०० घेऊन बघू. आकडे गोल केले आहेत, कारण रिकामं वजन प्रत्येक कंपनीच्या आसनांवर आणि पॅन्ट्रीवर अवलंबून असतं. ७८७-९ चं कमाल टेकऑफ वजन २५४ टन, रिकामं वजन १२९ टनांच्या आसपास. तासाला साधारण साडेपाच टन इंधन धरा. १४ तासांच्या उड्डाणाला राखीव साठ्यासकट ८५ टन लागतात. २५४ मधून १२९ आणि ८५ गेले की ४० टन उरतात.

ए३५०-९०० चं टेकऑफ वजन २८० टन घ्या (नव्या प्रकारांत ते २८३ पर्यंत गेलं आहे). रिकामं वजन १४० च्या आसपास, तासाला सहा टन, राखीव धरून ९१ टन इंधन. उरले ४९ टन.

सामानासकट माणशी १०० किलो धरले तर ३०० प्रवाशांचे ३० टन होतात. म्हणजे कार्गोसाठी ७८७-९ कडे १० टन राहिले आणि ए३५० कडे १९. आता पोटात जागा किती? दोन्हींत एलडी-३ कंटेनर ३६ मावतात. प्रवाशांच्या सामानाला आठेक गेले, उरले २८. सरासरी घनतेचा माल भरला तर एका एलडी-३ मध्ये ७०० किलोच्या आसपास जातो, म्हणजे २८ कंटेनरना १९-२० टन. ए३५० मध्ये जागा आणि वजन दोन्ही एकदमच संपतात. ७८७-९ मध्ये वजन आधी संपतं आणि जवळपास निम्मे कंटेनर रिकामे जातात. त्या मार्गावर कार्गोला बारमाही गिऱ्हाईक असेल तर हा ९ टनांचा फरक इंधनाच्या एक-दोन टक्क्यांना सहज झाकतो.

तेच गणित ८ तासांच्या मार्गावर मांडा. इंधन कमी लागतं, त्यामुळे टेकऑफ वजनाची मर्यादा आडवी येतच नाही. तिथे अडवतं ते इंधनाशिवायचं कमाल वजन. ७८७-९ साठी ते १८१ टन, म्हणजे पेलोड (प्रवासी, सामान आणि कार्गो मिळून वजन) सुमारे ५२ टन. ए३५०-९०० साठी १९५ टनांच्या आसपास, म्हणजे ५५. फरक तीनच टनांचा, पण ए३५० आपल्या सांगाड्याचे दहा-अकरा टन जास्तीचे प्रत्येक उड्डाणाला वाहून नेतं. इथे हलकं विमान जिंकतं.

तुमच्या चौथ्या पर्यायाचंही हेच. ७८७-१० ची रचना ७८७-९ पेक्षा साडेपाच मीटर लांब, पण टेकऑफ वजन तेवढंच २५४ टन ठेवून झाली. वाढवलेलं प्रत्येक आसन इंधनाच्या हिश्श्यातून आलं. आठ-दहा तासांच्या गर्दीच्या मार्गावर दर आसनामागचा खर्च उत्तम, १४ तासांवर मात्र गणित बसत नाही. त्यामुळे "कोणतं विमान चांगलं" याआधी कंपनीच्या १२ विमानांपैकी किती विमानं रोज ११ तासांहून लांब जातात ते मोजा. दोनच मार्ग तसे असतील तर त्या दोघांसाठी सगळा ताफा जड घेणं परवडत नाही.

अजून एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती नेहमी सुटते. लांब उड्डाणात जास्तीच्या दर टनामागे ताशी सुमारे ३ टक्के इंधन जातं. १४ तासांत एक टन वाहायला ४०० किलो. वर्षाला ४८० फेऱ्या धरल्या तर एका विमानाचे १९० टन. बिझनेस क्लासच्या नव्या दरवाजेवाल्या आसनाचं वजन २० किलोने वाढलं आणि अशी ३० आसनं असली की ६०० किलो झाले, म्हणजे वर्षाला ११० टनांहून जास्त इंधन. निर्मात्याने झगडून मिळवलेला अर्धा टक्का आसनांच्या कॅटलॉगमध्ये असा निघून जातो.

पंख्यामागे

पेलोडचं गणित बरोबर आहे, पण विमान निवडताना खरी मेख इंजिनात असते. ए३५० घेतलं की रोल्स-रॉइसचं ट्रेंट एक्सडब्ल्यूबी, दुसरा पर्याय नाही. ए३३०निओ (तुमच्या यादीतलं ए३३०-९०० त्यातलंच) घेतलं की ट्रेंट ७०००, तेही रोल्सचंच. बोइंगचं ७७७एक्स घेतलं की जीईचं (जनरल इलेक्ट्रिक) जीई९एक्स. फक्त ७८७ मध्ये जीईचं जीईएनएक्स किंवा रोल्सचं ट्रेंट १००० अशी निवड आहे. म्हणजे विमानाचा निर्माता निवडताना पुढच्या वीसेक वर्षांसाठी इंजिनाच्या दुकानदाराशीही लग्न लागतं.

७८७ चा फायदा इथे असा की दोन इंजिन उत्पादकांना एकमेकांसमोर बसवून भाव करता येतो. पण निवड चुकली तर तोटाही तेवढाच. ट्रेंट १००० च्या काही प्रकारांत मधल्या दाबाच्या टर्बाइनची पाती गंधकामुळे होणाऱ्या गंजाने झिजत होती आणि मधल्या दाबाच्या कॉम्प्रेसरच्या पात्यांना ठरावीक वेगाच्या कंपनांमुळे तडे जात होते. एप्रिल २०१८ मध्ये नियामकांनी त्या प्रकारच्या इंजिनांची एटॉप्स मर्यादा ३३० मिनिटांवरून १४० वर आणली. एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर इतक्या मिनिटांत विमानतळ गाठता आला पाहिजे, अशी ती मर्यादा. १४० मिनिटांत मोठ्या समुद्रावरचे सरळ मार्ग बंद होतात आणि वळसा घ्यावा लागतो. त्यातून तपासण्या इतक्या वाढल्या की कार्यशाळांत जागा उरली नाही आणि डझनावारी विमानं इंजिनाविना उभी राहिली. त्याच काळात जीईएनएक्सवाली ७८७ उडत होती. विमान तेच, अनुभव मात्र पूर्ण वेगळा.

ए३५० मध्येही दोन इंजिनं एक समजू नका. ए३५०-९०० चं एक्सडब्ल्यूबी-८४ आणि ए३५०-१००० चं एक्सडब्ल्यूबी-९७ यांचा पंखा एकाच मापाचा, सुमारे तीन मीटरचा. जास्तीचा जोर ९७ च्या गाभ्यातून काढला आहे, म्हणून तो जास्त तापतो. गरम, धुळीच्या प्रदेशात त्याची पाती लवकर झिजतात. एमिरेट्सचे टिम क्लार्क यांनी नोव्हेंबर २०२३ च्या दुबई एअर शोमध्ये ही तक्रार उघडपणे केली, आणि तिथेच त्यांच्या कंपनीने ए३५०-१००० न घेता ए३५०-९०० आणखी १५ मागवली.

इंजिनाचा करार बहुतेक वेळा तासावर असतो: उडालेल्या दर तासाला ठरलेली रक्कम, दुरुस्ती उत्पादकाची. ऐकायला सोपं आहे, पण पुढचे प्रश्न विचारले नाहीत तर पाणी नंतर मुरतं. दर कोणत्या सरासरी उड्डाणावर ठरला आहे? सात तास धरून दर ठरला आणि पुढे कंपनीने विमान चार तासांच्या फेऱ्यांवर लावलं, तर टेकऑफ वाढतात आणि दर वर चढतो. पक्षी धडकला, धावपट्टीवरचा खडा गेला, तर ते करारात येतं का? सहसा येत नाही. इंजिन उतरवल्यावर किती दिवसांत परत मिळेल याची हमी आहे का, आणि नाही मिळालं तर बदली इंजिन कोण देणार? १२ विमानांना २४ इंजिनं, त्यामागे दोन-तीन सुटी (राखीव) लागतात, आणि एकेक इंजिन कोट्यवधी डॉलरचं. ही सुटी इंजिनं कुणाच्या पैशाने ठेवायची, यावर अनेकदा विमानाच्या किमतीतल्या सवलतीपेक्षा जास्त भांडण होतं.

डेल्टाचं उत्तर थोडं इथेही आहे. त्यांची स्वतःची मोठी दुरुस्ती कार्यशाळा आहे आणि रोल्सबरोबर त्यांनी ट्रेंट इंजिनांचं काम आपल्याकडे आणण्याचा करार केला. ज्याच्याकडे कार्यशाळाच नाही त्याला या मुद्द्याचा काही उपयोग नाही.

वारा_उत्तरेचा

दोघांचे आभार. पण मग माझ्या उदाहरणातल्या कंपनीकडे आधीच ए३३० आहेत. वैमानिक, सुटे भाग, तंत्रज्ञ सगळं एअरबसचं. एवढ्यावरच एअरबसकडे कल जायला नको का? आणि अमेरिकनच्या निर्णयाचं कोडं अजून सुटलं नाही.

डावी_सीट

वैमानिकांचा हिशेब असा. ए३३० आणि ए३५० यांना सामाईक टाइप रेटिंग (ठरावीक जातीचं विमान उडवण्याचा परवाना) आहे. ए३३० च्या वैमानिकाला ए३५० वर यायला साधारण आठ दिवसांचा फरकापुरता अभ्यासक्रम पुरतो, आणि दोन्ही जाती आलटून-पालटून उडवता येतात. बोइंगकडे ७७७ वरून ७८७ वर यायला पाचेक दिवस. पण ए३३० वरून ७८७ वर यायचं म्हणजे पूर्ण टाइप रेटिंग: वर्ग, सिम्युलेटर, मग प्रशिक्षकासोबत प्रत्यक्ष उड्डाणं. त्यात महिना-दीड महिना जातो.

लांब पल्ल्याच्या एका विमानामागे वीसेक वैमानिक लागतात, कारण एकेका फेरीला तीन-चार जण जातात आणि मध्ये विश्रांती द्यावी लागते. १२ विमानांचे अडीचशे धरा. माणशी २५ दिवसांचा फरक धरला तरी सहा हजारांवर वैमानिक-दिवस रोस्टरमधून जातात. त्या काळात जुनी विमानंही उडवायची असतात, म्हणून माणसं जास्तीची भरावी लागतात किंवा फेऱ्या कमी कराव्या लागतात.

मोठा खर्च आहे खरा, पण तो एकदाच होतो. इंधन आणि इंजिन वीस वर्षं रोज खातात. त्यामुळे ताफा लहान असेल तर सारखेपणाचं वजन जास्त, ताफा वाढला की ते उतरत जातं. हवाईयन एअरलाइन्सकडे ए३३०-२०० होती आणि सहा ए३३०-८०० ची मागणीही नोंदवलेली होती. मार्च २०१८ मध्ये ती रद्द करून त्यांनी दहा ७८७-९ मागवली. सारखेपणा सगळ्यांवर भारी पडत असता तर हे झालंच नसतं. शिवाय ए३३०-८०० ला मोजकेच ग्राहक मिळाले होते, आणि ज्या प्रकाराला ग्राहक कमी त्याचे भाग, सिम्युलेटर आणि पुढची विक्री सगळंच अवघड.

आता तुमचं कोडं. अमेरिकनची ए३५० ची मागणी मुळात त्यांची नव्हती, यूएस एअरवेजच्या विलीनीकरणातून ती त्यांच्याकडे आली. त्यांच्याकडे ७७७ आणि ७८७ आधीच उडत होती. २२ विमानांसाठी वेगळे वैमानिक, वेगळं इंजिन, वेगळा साठा, हे त्यांना नको होतं. गंमत अशी की डेल्टाकडेही नॉर्थवेस्टच्या विलीनीकरणातून १८ ७८७ ची मागणी आली होती, आणि ती त्यांनी डिसेंबर २०१६ मध्ये रद्द केली. दोघांनीही वारशाने आलेली मागणी टाकली आणि हातात असलेल्या ताफ्याला जुळणारं घेतलं. तर्क एकच, दिशा उलटी.

कॉकपिटमध्ये स्टिक (एअरबसची बाजूची दांडी) आहे की योक (बोइंगचं समोरचं सुकाणू), याने हा निर्णय होत नाही. वैमानिकांची आवड विचारली जाते, त्यावर सही होत नाही.

करार_पान_२१४

सूट हा शब्द वर आला म्हणून. सूचीतली किंमत ही बोलणी सुरू करण्यापुरती असते. एअरबसच्या २०१८ च्या सूचीत ए३५०-९०० ची किंमत ३१.७ कोटी डॉलर होती. एवढे पैसे कुणी देत नाही. पण "किती टक्के सूट" यावर दोन प्रस्तावांची तुलना केली तर फसगत ठरलेली. तुलना करायची ती १२-१५ वर्षांच्या सगळ्या पैशांची, आजच्या किमतीला आणून.

पहिली गोष्ट दरवाढीचं सूत्र. करारातली किंमत सहीच्या वर्षाची असते. ताब्यात घेईपर्यंत मजुरी आणि कच्च्या मालाच्या निर्देशांकांप्रमाणे ती वाढते. समजा किंमत १५ कोटी डॉलर ठरली आणि विमान सहा वर्षांनी येणार. वर्षाला ३ टक्के वाढ झाली तर ती १७.९ कोटी होते. ५ टक्के झाली तर २०.१ कोटी. एका विमानामागे सव्वादोन कोटींचा फरक फक्त एका कलमावर. म्हणून दोन टक्के जादा सूट मागण्यापेक्षा वाढीला वरची मर्यादा मागणारे खरेदीदार हुशार. महागाईच्या काळात तर ही मर्यादाच करारातली सर्वांत किमती ओळ ठरते.

दुसरी, आगाऊ हप्ते. ताबा मिळण्याच्या साधारण दोन वर्षं आधीपासून टप्प्याटप्प्याने किमतीच्या तीसेक टक्के रक्कम द्यावी लागते. १५ कोटींच्या विमानावर साडेचार कोटी. ते सरासरी वर्षभर अडकले आणि व्याज ७ टक्के असलं तर विमानामागे ३१ लाख डॉलर गेले. विमान उशिरा आलं तर हे पैसे अजून अडकतात.

उशिराचं प्रकरण सध्या सगळ्यांत कळीचं. ७७७एक्सची घोषणा २०१३ ची, पहिलं विमान २०२० मध्ये द्यायचं ठरलं होतं, ते २०२७ पर्यंत सरकलं आहे. लुफ्थान्साला त्यामुळे निवृत्तीला काढलेली ए३८० परत सेवेत आणावी लागली. ७८७ चंही बघा: सांगाड्याच्या जोडांतल्या फटी ठरवलेल्या ०.१३ मिलिमीटरच्या मर्यादेपेक्षा मोठ्या निघाल्या, आणि २०२० च्या शरद ऋतूपासून ऑगस्ट २०२२ पर्यंत, मधले थोडे महिने सोडले तर, डिलिव्हरी बंद होती. एअरबसकडेही सगळं आलबेल नव्हतं. ए३५० च्या रंगाच्या थराखालच्या पृष्ठभागावरून कतार एअरवेजशी वाद न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तडजोडीने मिटला. मधल्या काळात एअरबसने त्यांची ए३२१निओ ची वेगळी मागणी रद्द केली होती.

म्हणून उशिराची भरपाई कधीपासून सुरू होते, दर महिन्याला किती, आणि किती महिन्यांनी करार मोडून हप्ते व्याजासकट परत घेता येतील, ही तीन उत्तरं आकड्यांत हवीत. "सबब मान्य असलेला उशीर" या व्याख्येत पुरवठादाराचा उशीर बसवला आहे का, तेही बघा. तो बसला तर भरपाईचं कलम जवळपास रिकामं झालं.

आणि इंधनाची हमी. निर्माता ठरावीक अंतरावर, ठरावीक वजनाला इतकं इंधन लागेल अशी हमी देतो. त्यात सहसा एक-दोन टक्क्यांची सवलत स्वतःसाठी ठेवतो. भरपाई रोख मिळत नाही, सुटे भाग घ्यायला जमा म्हणून मिळते. हमीचं अंतर कंपनीच्या खऱ्या मार्गाशी जुळतं का, हे पेलोड_शीट यांनी वर मांडलेल्या गणितावरून तपासता येईल.

पुढच्या विक्रीच्या किमतीबद्दल एकच उदाहरण देतो. २००७-०८ मध्ये सेवेत आलेल्या पहिल्या ए३८० पैकी दोन विमानं दहा वर्षांची लीज संपल्यावर परत आली. त्यांना दुसरा ग्राहक मिळाला नाही आणि ती भागांसाठी मोडली गेली. ए३५०-९०० आणि ७८७-९ चे ग्राहक इतके आहेत की भाड्याने देणाऱ्या कंपन्या ती डोळे झाकून घेतात. त्यामुळे विमान विकून परत भाड्याने घ्यायचं झालं तर दर चांगला मिळतो.

राजकारण असतं, नाकारत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेने एअरबस विमानांवर १० टक्के आयात शुल्क लावलं, मार्च २०२० मध्ये ते १५ केलं, जून २०२१ मध्ये तह झाला. सही करताना पुढच्या दहा वर्षांतलं शुल्क कुणी भरायचं, हे लिहून घेणं एवढंच खरेदीदाराच्या हातात असतं.

पेलोड_शीट

एक पुरवणी. विमानतळाचं लँडिंग शुल्क बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्रावरच्या कमाल टेकऑफ वजनावर असतं, त्या दिवशीच्या खऱ्या वजनावर नाही. युरोपवरून उडताना मार्गशुल्काच्या सूत्रात ते वजन ५० ने भागून त्याचं वर्गमूळ घेतात. २५४ आणि २८० टनांत वजनाचा फरक १० टक्के, पण शुल्काचा ५ टक्केच. ज्या विमानांना लांब जायचं नाही त्यांचं कागदावरचं वजन कमी करून घेता येतं. यंत्र तेच राहतं, शुल्क उतरतं. नंतर वजन परत वाढवायचं तर निर्माता पैसे घेतो, म्हणून तो दर खरेदीच्या करारातच बांधून घ्यायचा.

वारा_उत्तरेचा

आता चित्र बरंच स्पष्ट झालं. शेवटचं विचारतो: निम्मी एअरबस, निम्मी बोइंग घेऊन दोघांनाही धाकात ठेवणं चालेल का? आणि हे सगळं कोणत्या क्रमाने करतात?

पंख्यामागे

१२ विमानांत सहा-सहा करू नका. सुटी इंजिनं दोन जातींची, सिम्युलेटरचे तास दोन जातींचे, तंत्रज्ञांचे परवाने दोन. फेरी अडली तर एका जातीच्या जागी दुसरी लावताना वैमानिकही बदलावे लागतात. शिवाय जमिनीवरची सोय वेगळी. ७८७ इंजिनातून हवा काढत नाही, वीज काढते: इंजिनामागे २५० केव्हीएचे दोन जनरेटर. मागचं एपीयू (शेपटीतलं छोटं साहाय्यक इंजिन) बंद असेल तर ए३५० ला हवेच्या गाडीने सुरू करता येतं. ७८७ ला हवा चालत नाही, जमिनीवरून वीजच द्यावी लागते, आणि तीही एका जोडणीवर भागत नाही. दूरच्या लहान विमानतळावर तेवढी सोय आहे का, हे आधी विचारावं लागतं. ताफा चाळीस-पन्नासवर गेला की दोन निर्माते ठेवणं परवडतं. जपान एअरलाइन्सने ऑक्टोबर २०१३ मध्ये ३१ ए३५० मागवली तेव्हा तिची लांब पल्ल्याची विमानं बोइंगचीच होती, पण तो ताफा मोठा होता.

धाक दाखवायला दोन्ही जाती विकत घ्याव्या लागत नाहीत. दुसरा प्रस्ताव शेवटच्या आठवड्यापर्यंत खरोखर जिवंत ठेवला तरी पुरतो.

करार_पान_२१४

क्रम विचारलात म्हणून. आधी स्वतःच्या मार्गांची यादी, वर्षातल्या शंभरपैकी ८५ दिवस ज्याहून वाईट नसेल असा समोरचा वारा धरून. त्यात उंचावरचे, तापणारे विमानतळ वेगळे काढा. जोहान्सबर्गसारख्या सुमारे १,७०० मीटर उंचीच्या ठिकाणी दुपारी हवा इतकी विरळ असते की वर मांडलेला ४० किंवा ४९ टनांचा पेलोड मिळतच नाही, टेकऑफच अडवतो.

मग दोन्ही निर्मात्यांना आणि इंजिनवाल्यांना एकाच दिवशी प्रस्ताव मागायचे, आणि आसनमांडणी आपण द्यायची. त्यांची घ्यायची नाही. ए३५० च्या आत ५.६१ मीटर रुंदी मिळते, ७८७ मध्ये ५.४९. नऊ आसनांच्या रांगेत माणशी फरक जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा, पण प्रवाशाला तो बारा तास खांद्याला जाणवतो. निर्मात्यांच्या तक्त्यात एकाकडे नऊची रांग आणि दुसरीकडे दहाची धरून दर आसनी खर्च दाखवलेला असतो, तो मान्य करू नका.

पार्किंगचं लवकर तपासा. पंखांचा पसारा ७८७ चा ६० मीटर, ए३५० चा ६४.७५. दोन्ही ६५ मीटरच्या गाळ्यात बसतात, पण आज ए३३०-३०० च्या ६०.३ मीटरवर आखलेले गाळे आणि हँगर असतील तर साडेचार मीटर वाढतात.

त्यानंतर ताब्याच्या तारखा, मग पैसा. इंजिनाचा करार विमानाच्या करारासोबत एकाच दिवशी सही करायचा. विमानावर सही आधी झाली आणि इंजिन एकच असलं की तासाच्या दराची बोलणी तिथेच संपली.

आणि आसनं सहीआधीच निवडून ठेवा. २०१५-१६ मध्ये ए३५० ची डिलिव्हरी आसनं आणि शौचालयं वेळेवर न आल्याने अडली होती. विमान कारखान्यात तयार उभं, इंजिन लागलेली, आणि आत फरशी मोकळी. नवी बिझनेस आसनं घ्यायची असतील तर १६ जी ची (गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट झटक्याची) धडक चाचणी आणि डोक्याच्या इजेची तपासणी पास झालेलंच मॉडेल घ्या. तसं नसेल तर ताब्याच्या तारखेआधी चाचणीसाठी किमान वर्षभर हातचं ठेवा, कारण कंपनीने स्वतः पुरवलेल्या आसनांमुळे उशीर झाला तर निर्माता भरपाई देत नाही, उलट शेवटचा हप्ता ठरलेल्या तारखेलाच मागतो.